घरातले पाचही जण दिवसभर बसून असतात, त्यांना उठते कसे करावे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. नाशिकमधल्या सदनिकेत आपले पाच जणांचे कुटुंब राहते. आपण घरूनच संगणकावर काम करता. यजमान रोज जाऊन-येऊन दोन तास गाडी चालवतात आणि उरलेला दिवस कार्यालयात टेबलाशी काढतात. मुलगी दहावीत आहे, मुलगा तिसरीत आहे, आणि शहात्तर वर्षांचे सासरे गेल्या पावसाळ्यापासून सोफ्यावरून फारसे हलत नाहीत. यजमान रोज सकाळी पाऊण तास चालतात, म्हणून आपला प्रश्न सुटला आहे असे त्यांना वाटते. या सगळ्यांचे बसणे कमी कसे करावे, आणि त्यासाठी उभे राहून काम करण्याचे टेबल किंवा पावले मोजणारी घड्याळे घ्यावीत का, असे आपण विचारले आहे.

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी पहिली विनंती करते ती अशी, की काहीही विकत घेण्याआधी चार दिवस एक नोंद ठेवा. कोण किती तास बसले याची बेरीज करू नका, कारण ती कोणालाच नीट जमत नाही आणि आलेला आकडा पाहून फक्त अपराधी वाटते. प्रत्येकाची त्या दिवसातली सर्वांत लांब सलग बैठक, म्हणजे मधे एकदाही न उठता गेलेला सर्वांत मोठा वेळ, एवढीच नोंद करा, आणि त्या वेळी ती व्यक्ती कशासाठी बसली होती हेही लिहा. एकूण बसणे कमी करणे ही नोकरी, शाळा आणि वय यांच्याशी झुंज असते. सलग बैठक मोडणे त्या मानाने पुष्कळ सोपे असते, आणि शरीराला त्याचा लाभ लगेच मिळू लागतो.

तो लाभ कसा मिळतो हे समजले, की पुढच्या सूचना कोरड्या वाटणार नाहीत. आपण खुर्चीत टेकून बसतो तेव्हा मांड्या, नितंब आणि पोटऱ्या हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू जवळजवळ गप्प होतात. रक्तातली साखर उचलणारे मुख्य गिऱ्हाईक हेच स्नायू आहेत, त्यामुळे जेवणानंतर ते निवांत असले की साखर रक्तात अधिक काळ राहते आणि ती आवरण्यासाठी शरीराला अधिक इन्शुलिन सोडावे लागते. पायांतले रक्त वर ढकलण्याचे कामही पोटरीचा स्नायू आकुंचन पावला तरच नीट होते. तो निश्चल राहिला की संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उठतात. ऑस्ट्रेलियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ ते ६५ वयाच्या स्थूल व्यक्तींना एका दिवशी पाच तास सलग बसवले आणि इतर दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालायला लावले. चालण्याच्या दिवशी साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी राहिले, आणि चालणे हळू होते की भरभर याने फारसा फरक पडला नाही. प्रयोगात जेमतेम एकोणीस माणसे होती, हे लक्षात ठेवावे. तरीही त्यानंतरच्या छोट्या-मोठ्या प्रयोगांचा कल त्याच बाजूचा आहे.

बसणे आणि हृदयविकार यांचा संबंध प्रथम ठळकपणे दाखवला तो ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली, लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांची पाहणी करून. दुमजली बसचा वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असे आणि चालक बसून असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी निघाले. मुंबईची जुनी दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा, की त्यांनी पुढे गणवेशांच्या कमरेची मापे तपासून हेही दाखवले, की चालक नोकरीच्या सुरुवातीपासूनच अधिक स्थूल असत, म्हणजे सगळा दोष आसनाचा नव्हता. बसण्याची तुलना धूम्रपानाशी करणारी वाक्ये हल्ली सर्रास ऐकू येतात, ती मला म्हणूनच अतिशयोक्तीची वाटतात. सिगारेटच्या धुराचा अपाय फार मोठा आहे, आणि बसण्याशिवाय तर कोणाचेच चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही बसण्याचा वेळ कमी करा एवढेच म्हटले आहे. किती तासांच्या आत, याचा आकडा दिलेला नाही, कारण तो ठरवण्याइतका भक्कम पुरावा समितीला मिळाला नाही.

यजमानांचे पाऊण तास चालणे ही या घरातली सर्वांत मोलाची सवय आहे, तेव्हा ती मोडेल असे काही बोलू नका. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळजवळ पुसला जातो, असे त्यात दिसले. मात्र रोज पाच-पाच तास टीव्ही पाहणाऱ्यांच्या बाबतीत तो कमी झाला तरी पुरता गेला नाही. म्हणजे यजमान योग्य वाटेवर आहेत, थोडे अंतर शिल्लक आहे, आणि ते दिवसाच्या मध्यावर भरून काढता येते. गाडी चालवताना उठता येत नाही, म्हणून त्या बैठकीच्या दोन्ही टोकांना चालणे जोडावे: गाडी फाटकापासून लांब लावावी, उतरल्यावर लगेच लिफ्टमध्ये शिरण्याऐवजी जिना चढावा, आणि दुपारचा डबा संपल्यावर थेट खुर्चीत न जाता आवारात दहा मिनिटे फिरून यावे. यांतली दुपारची फेरी मी सर्वांत वर ठेवीन. जेवणानंतरची शतपावली आपल्या आजी-आजोबांनी रात्रीच्या जेवणाला जोडली होती, कारण त्यांची दुपार शेतात किंवा कामात जात असे; खुर्चीत काम करणाऱ्याला ती दुपारीच अधिक हवी. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आला, आणि जेवणानंतरची साखर ही त्यातली रोजची लढाई आहे.

आता आपल्याविषयी. घरून काम करणाऱ्यांची सलग बैठक कार्यालयात जाणाऱ्यांपेक्षा लांब निघते, हा माझ्याकडे येणाऱ्या नोंदींमधला नेहमीचा प्रकार आहे. कार्यालयात निदान कोणाच्या टेबलापाशी जावे लागते, चहाला उतरावे लागते. घरी सगळे हाताशी असते आणि हाताशी ठेवण्यात आपणच हुशारी दाखवतो. दोन लिटरची बाटली टेबलावर भरून ठेवणे ही त्यातली पहिली हुशारी. बाटली काढून पेला ठेवा आणि प्रत्येक वेळी माठापर्यंत जा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. कामाच्या ज्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आपल्याला फक्त ऐकायचे असते ती कानाला हेडफोन लावून उभ्याने, घरात येरझाऱ्या घालत ऐका. गजराचे घड्याळ किंवा संगणकावरची सूचना मी सहसा सुचवत नाही; पहिल्या आठवड्यात माणूस तिच्यासरशी उठतो, दुसऱ्या आठवड्यात ती बंद करून काम चालू ठेवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात ती वाजली हेही त्याच्या ध्यानात येत नाही. घटनेला जोडलेले उठणे मात्र टिकते. ईमेल पाठवला की उठायचे, फोन आला की उभे राहायचे, कुकरची शिट्टी झाली की एक फेरी मारायची, असे ठरवले की आठवण ठेवण्याचे काम आपल्यावर राहत नाही. दर अर्ध्या तासाला दोन ते पाच मिनिटे हे ध्येय ठेवा आणि दिवसातून निम्म्या वेळा जमले तरी समाधान माना.

उभे राहून काम करण्याचे टेबल आत्ता घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला सुमारे ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होते, म्हणजे सहा तास उभे राहून जेमतेम पन्नास-पंचावन्न, एका बिनतुपाच्या पोळीपेक्षाही कमी. निश्चल उभे राहणे हाही शरीराला ताणच असतो. पोटरीचा पंप तेव्हाही बंदच असतो, आणि ज्यांच्या पायांवर फुगलेल्या शिरा आहेत किंवा टाचा दुखतात त्यांना त्रास वाढतो. आपल्याकडे साड्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या असणाऱ्या स्त्रियांना बसायला मिळावे म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, हे बसण्यावर टीका करताना विसरू नये. टेबलाचा उपयोग होतो तो बसणे आणि उभे राहणे यांची अदलाबदल करणाऱ्याला, आणि तेवढ्यासाठी स्वयंपाकघरातला ओटा पुरतो. त्यावर लॅपटॉप ठेवून अर्धा तास काम करून पाहा; महिनाभर हे टिकले तर टेबलाचा विचार करू.

धाकट्या मुलाविषयी थोडेच सांगायचे आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल स्वभावतः बसत नाही, त्याला बसवले जाते. रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारा खेळ हे पाच ते सतरा वयासाठीचे मार्गदर्शन आहे, आणि सोसायटीच्या आवारात दोन सवंगडी मिळाले तर ते आपोआप पुरे होते. गृहपाठ जमिनीवर पालथे पडून केला तरी हरकत नाही. मैदानावर जायला बंदी ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका, एवढेच पाळा.

दहावीच्या मुलीचे काम जरा नाजूक आहे. शाळा, क्लास, परत घरचा अभ्यास अशी तिची तिहेरी बैठक असते, पी.टी.चा तास बहुधा गणिताने किंवा विज्ञानाने घेतलेला असतो, आणि घरातल्या प्रत्येकाला तिने बसलेलेच हवे असते. ती उठली की अभ्यास बुडाला असे आपल्या चेहऱ्यावर दिसत असेल तर ती उठणार नाही. तिच्या खोलीच्या भिंतीवर उभ्याने हात पोहोचेल अशा उंचीवर एक पांढरा फळा लावून द्या. भूमितीची प्रमेये, रसायनशास्त्राची समीकरणे, इतिहासाच्या सनावळ्या तिला तिथे उभ्याने लिहू द्या. पाठांतर फिरत फिरत करू द्या. यात अभ्यासाचा एक मिनिटही जात नाही, म्हणून तिला ते पटते. क्लास चालण्याच्या अंतरावर असेल तर गाडीने सोडण्याचा मोह आवरा.

सासऱ्यांविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या पत्रातले ‘गेल्या पावसाळ्यापासून’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. चालता-फिरता माणूस अमुक एका काळापासून बसू लागला, तर त्याला आळस म्हणू नये. त्यामागे कारण असते आणि ते शोधावे लागते. ओल्या फरशीवर किंवा न्हाणीघरात ते एकदा घसरले असतील आणि त्यांनी कोणाला सांगितले नसेल, असे मी अनेक वृद्धांच्या बाबतीत पाहिले आहे; पडण्याची धास्ती बसते आणि मग माणूसही बसतो. गुडघेदुखी, मोतीबिंदूने अंधुक झालेली नजर, लघवीला वरचेवर आणि घाईने जावे लागणे, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना येणारी चक्कर, समवयस्क मित्राचे जाणे आणि त्यानंतरची उदासी, हालचालीत आलेला संथपणा किंवा हाताचा कंप, यांपैकी काही आहे का हे आधी निवांतपणे विचारा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. चालताना छातीत दुखणे, पूर्वी न लागणारी धाप, एकाच पायाला आलेली सूज किंवा भोवळ येऊन पडणे यांपैकी काही असेल, तर माझ्या पुढच्या सूचना बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हे सर्व ठीक निघाले, की नजर त्यांच्या सोफ्याकडे वळवा. मऊ, खोल आणि बुटक्या सोफ्यातून उठणे हे शहात्तराव्या वर्षी खरोखरच कष्टाचे काम असते, आणि कष्टाचे काम माणूस टाळतोच. त्यांना हातांची आणि टणक बैठकीची खुर्ची द्या, जिच्यावर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकतील आणि मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्यांपेक्षा किंचित उंच राहतील. उठण्याची रीतही शिकवावी लागते, कारण बहुतेक जण पाठ सरळ ठेवून वर उचलले जाण्याचा प्रयत्न करतात आणि धपकन मागे बसतात. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचे. टाचा गुडघ्यांच्या मागे जातील इतके पाय आत ओढायचे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचे. आणि मग पायांनी जमीन खाली रेटायची. शरीराचा भार पावलांवर आला की उठणे एकदम हलके होते, आणि ‘अरे, जमतंय की’ असे म्हणताना मी अनेक आजोबांना पाहिले आहे. बसताना उलट क्रमाने, सावकाश, शेवटपर्यंत आवरून बसायचे. त्या उतरण्यातच मांड्यांना अर्धा व्यायाम होतो. रक्तदाबाचे औषध चालू असेल तर उठण्याआधी कडेला मिनिटभर बसून घोटे वर-खाली करावेत आणि उभे राहिल्यावर खुर्चीचा हात धरून दहापर्यंत आकडे मोजावेत.

यापुढची गोष्ट घरातल्यांसाठी आहे, आणि ती कडू लागेल. वृद्ध माणसाला बसवून ठेवण्यात प्रेमळ सुनेचा आणि आज्ञाधारक मुलाचा वाटा मोठा असतो. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते’ हे वाक्य दिवसातून जितक्या वेळा उच्चारले जाते तितके त्यांचे उठणे कमी होते. चहा हातात, चष्मा हातात, वर्तमानपत्र हातात, रिमोट तर आहेच. आजाराशिवाय दहा दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या निरोगी वृद्धांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू कमी झाल्याचे एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. सोफा म्हणजे अंथरूण नव्हे, पण दिशा तीच आहे. म्हणून त्यांना कामे द्या, आणि ती खरी कामे असू द्या. देवपूजेची फुले काढणे, तुळशीला पाणी घालणे, दूधवाल्याला दार उघडणे, दुपारी वाळलेले कपडे घडी करून ज्याच्या-त्याच्या कपाटात नेऊन ठेवणे, नातवाला गाडी येते तिथपर्यंत पोहोचवणे. वेळ लागेल, दूध थोडे सांडेल, घड्या वाकड्या होतील; तेव्हा पुढे होऊन हातातून काम काढून घेऊ नका. रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर छोटा दिवा लावा, सुटी पायपुसणी उचला आणि भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या, म्हणजे धास्ती कमी होईल. लघवीच्या घाईमुळे ते पाणी कमी पीत असतील तर तोही विषय डॉक्टरांपाशी काढावा.

पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस व्हावा असे मार्गदर्शन आहे. घरात त्यासाठी ओट्याची कड उत्तम. दोन्ही हातांची बोटे ओट्यावर टेकवून टाचा उचलायच्या आणि खाली ठेवायच्या. मग एक पाऊल दुसऱ्याच्या थेट पुढे ठेवून जमेल तितके थांबायचे. सुरुवातीचे दोन आठवडे कोणी तरी शेजारी उभे राहावे.

संध्याकाळी सगळे कुटुंब टीव्हीसमोर एकत्र येते, ती वेळ मोडू नका. घरातला तो एकमेव सामाईक तास असतो. गुडघे धड असलेल्या चौघांनी मात्र सोफा सोडून सतरंजीवर बसावे. टांझानियातील हाद्झा या शिकारी-संग्राहक लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ते दिवसाला जवळजवळ दहा तास न चालता विसाव्यात घालवतात, पण त्यातला बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून, म्हणजे पायांचे स्नायू थोडे तरी जागे ठेवून जातो, असे त्यात आढळले. जमिनीवर बसलेला माणूस दर थोड्या वेळाने मांडी बदलतो, पाय पसरतो, आणि उठताना सगळे शरीर वापरतो. पंगतीतून ताट घेऊन उठण्याची ही कसरत डायनिंग टेबल आल्यापासून आपल्या घरांतून गेली. आठवड्यातून दोनदा रात्रीचे जेवण खाली बसून करायला काहीच अडचण नसावी. सासऱ्यांना यात ओढू नका. त्यांची खुर्ची बरी.

घड्याळाबद्दल विचारले होते. घ्यायचेच असेल तर यजमानांना घ्या, त्यांना आकड्यांची हौस दिसते. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीसाठी रूढ झाला. साठीपुढच्या माणसांत सहा ते आठ हजारांनंतर वाढत्या पावलांचा आयुर्मानावरचा लाभ जवळजवळ स्थिरावतो, असे अलीकडच्या एकत्रित अभ्यासांतून दिसते. सासऱ्यांना मनगटावरचे यंत्र देऊन त्यांचे अपयश रोज मोजू नका.

सुरुवात पाचही जणांपासून एकदम करू नये. पहिले दोन आठवडे फक्त दोन बदल करा: आपली पाण्याची बाटली काढा आणि सासऱ्यांची खुर्ची बदला. तिसऱ्या आठवड्यात त्यांची कामे आणि यजमानांची दुपारची फेरी, त्यानंतर मुलीचा फळा. आजच सासऱ्यांची एक साधी चाचणी करून तारीख घालून लिहून ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवा, त्यांना हात छातीवर दुमडून घ्यायला सांगा आणि तीस सेकंदांत ते किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसतात ते मोजा; आपण जवळ उभ्या राहा. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषाला अकरापेक्षा कमी वेळा जमले तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आणि पडण्याचा धोका जास्त समजतात. हातांचा आधार घ्यावाच लागला तर शून्य लिहा, आणि त्यांना रोज हातांचा आधार घेऊनच सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा उठ-बस करू द्या. सहा आठवड्यांनी हीच चाचणी त्याच खुर्चीवर पुन्हा घ्या. आकडा जागचा हलला नसेल किंवा घटला असेल, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा आणि दोन्ही नोंदी बरोबर न्या.